आरएक्स १०० : नवा ब्लॉक टाकूनही पिस्टन पुन्हा पुन्हा पकडतोय?

यामाहा आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची ही तक्रार ठरलेल्या क्रमानेच येते. जुना ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर) धूर मारत होता आणि ओढ कमी झाली होती, म्हणून बाजारातून ब्लॉक-पिस्टनचं किट आणून बसवलं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी झकास पळाली. मग एखाद्या चढावर किंवा हायवेवर आवाज बदलला, मागचं चाक फरफटलं आणि इंजिन बंद पडलं. दहा मिनिटांनी किक बसली, गाडी चालूही झाली. ब्लॉक उघडला, पिस्टनवर पॉलिश पेपर फिरवला, पुन्हा बसवला. महिनाभरात परत तेच. दर वेळी निदान एकच, 'ऑइल कमी पडलं', आणि दर वेळी उपाय एकच, अजून एक किट.

बहुतेक वेळा दोष ऑइलचा नसतो. बाजारात मिळणारा डुप्लिकेट किंवा रिप्लेसमेंट ब्लॉक आपण डब्यातून काढून थेट गाडीवर चढवतो, चूक तिथे होते. हा ब्लॉक अर्धवट पूर्ण केलेलं ओतकाम समजायचा. मापं घेऊन, कडा मारून, आपल्या हातातल्या पिस्टनला जुळवून तो पूर्ण केला तर चांगला चालतो. तसाच बसवला तर नशिबावर चालतो.

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. बोअर (ब्लॉकमधल्या भोकाचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५० मिमी, ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी. त्या आरपीएमला पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर जाऊन खाली येतो, म्हणजे सरासरी साडेबारा मीटर प्रतिसेकंद. गार करायला फक्त हवा, आणि उष्णता बाहेर जायचा रस्ता एकच : पिस्टन, रिंग, बिडाचा स्लीव्ह (ब्लॉकमध्ये बसवलेली नळी), अॅल्युमिनियमच्या फिन्स. या रस्त्यात कुठेही अडथळा आला की पिस्टन फुगतो आणि पकडतो. पुढे जे काही तपासायचं आहे ते हाच रस्ता मोकळा आहे का हे बघण्यासाठी.

आधी पिस्टन वाचा, मग पॉलिश पेपर उचला

पकडलेल्या पिस्टनवर खुणा कुठे आहेत त्यावरून कारण कळतं. म्हणून उघडल्या उघडल्या पिस्टन चारही बाजूंनी बघून घ्या, जमलं तर फोटो काढून ठेवा, त्यानंतरच त्याला हात लावा.

गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) दोन्ही बाजूंना, स्कर्टच्या (पिस्टनचा खालचा भाग) चार कोपऱ्यांवर सारखे चकचकीत पट्टे असतील तर बोअरमध्ये जागाच कमी आहे. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) कमी दिला, स्लीव्ह खाली चिमटला गेला किंवा पिस्टनचा धातू जास्त फुगणारा आहे. नव्या किटवर सर्वांत जास्त दिसणारी खूण हीच.

फक्त सायलेन्सरकडच्या बाजूला, रिंगपासून खालपर्यंत ओरखडे असतील तर उष्णता वाढली : मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), कुठून तरी हवा शिरतेय, इग्निशनचं टायमिंग पुढे आहे किंवा ऑइल खरंच कमी आहे. इनटेककडचा स्कर्ट राखाडी आणि खरखरीत झाला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ जातेय. आणि रिंगच्या टोकाजवळून सुरू झालेली एकच खोल उभी रेघ दिसली तर रिंग पोर्टमध्ये (मिश्रण आणि धूर ये-जा करण्याची स्लीव्हमधली खिडकी) अडकली आहे. ही शेवटची खूण दिसली की ऑइल आणि जेटिंगमध्ये (कार्बोरेटरच्या जेटचं माप) डोकं घालू नका, सरळ पोर्टच्या कडा आणि रिंगच्या पिना (रिंग खाचेत फिरू नये म्हणून असतात त्या) तपासा.

स्लीव्हवर चांदीसारखे पट्टे दिसतात ते बहुतेकदा पिस्टनचं चिकटलेलं अॅल्युमिनियम असतं, स्लीव्हचे ओरखडे नव्हेत. कानाच्या काडीवर थोडं मुरियाटिक अॅसिड घेऊन फक्त त्या पट्ट्यावर लावा. बुडबुडे येतील आणि अॅल्युमिनियम विरघळेल. बुडबुडे थांबले की लगेच भरपूर पाण्याने धुऊन, पुसून ऑइल लावा, नाहीतर बीड तासाभरात गंजतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, काम उघड्यावर करा. अॅसिडचा थेंब ब्लॉकच्या अॅल्युमिनियमवर किंवा पोर्टच्या आत जाऊ देऊ नका, ते तिथलंही खाईल. धुतल्यावर नखाने तपासा. नख अडकलं तर रिबोअर (भोक मशीनवर मोठं करणं), नाही अडकलं तर होन (दगडाने आतून बारीक घासणं) करून भागू शकतं.

हातातला ब्लॉक नक्की कोणता?

पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत 'ओरिजिनल' हा शब्द डब्यावरून ठरतो, आपण तो मापावरून ठरवायचा. छापील डबा, होलोग्राम, स्टिकर यांपैकी कशावरही भरवसा ठेवू नका.

सर्वांत आधी बोअर मोजा. ५० च्या आसपास असेल तर १०० चा ब्लॉक. ५०.२५, ५०.५०, ५०.७५ किंवा ५१.०० असेल तर तो कधीतरी बोअर झालेला आहे, मग तो नवा म्हणून विकत असले तरी. ५८ मिमी निघाला तर तो १३५ चा आहे (५८ × ५० म्हणजे १३२ सीसी), आणि तो चढवणं हा वेगळाच विषय. इंजिनची क्षमता परस्पर बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, एवढं ध्यानात ठेवा.

मग ओतकाम बघा. मूळ ब्लॉकच्या फिन्सच्या कडा सरळ आणि एकसारख्या जाडीच्या असतात, ओतीव अक्षरं-आकड्यांच्या कडा स्पष्ट असतात. मूळ ब्लॉकवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरं साबणावर उमटल्यासारखी गोलसर होतात. शिवाय ओतीव धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळाहून किंचित लहान येते. साचा करताना ही आकसणी धरली नसेल तर स्टडची भोकं आणि पोर्टच्या जागा थोड्या थोड्या सरकलेल्या असतात. एखादा खात्रीचा मूळ ब्लॉक, मग तो पार झिजलेला का असेना, शेजारी ठेवला तर हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणूनच जुना मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये. तोच तुमचा मापदंड, आणि पुढे येईल तसा बहुतेकदा सर्वांत चांगला कच्चा मालही तोच.

पोर्टमध्ये टॉर्च मारून आत बघा. स्लीव्हमधली खिडकी आणि मागची अॅल्युमिनियमची वाट एकमेकांना जुळतात का? नकलेत स्लीव्हची कड वाटेत दोन-तीन मिमी पायरीसारखी पुढे आलेली असते. काही ब्लॉकमध्ये मागची छोटी बूस्ट वाट फक्त खळग्यासारखी ओतलेली असते, आरपार नसतेच. खिडक्या मूळ ब्लॉकशी ताडून एकेक मोजा. वाळूचे कण आणि ओतकामाची कच (बर) वाटांमध्ये चिकटलेली असेल तर ती पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सुटून थेट क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाणार. वाट वायर ब्रशने घासून, हवेने फुंकून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मापं : इथे घाई करू नका

हवं ते सामान : २५ ते ५० आणि ५० ते ७५ मिमीचे मायक्रोमीटर, बोअर डायल गेज, फिलर गेज, डेप्थ व्हर्नियर. साध्या व्हर्नियरने बोअर मोजून चालत नाही. त्याची चूक ०.०२ ते ०.०५ मिमीपर्यंत जाते, आणि आपला सगळा क्लिअरन्सच तेवढा असतो. हत्यारं नसतील तर ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही घेऊन चांगल्या बोअरिंगवाल्याकडे जा, कोल्हापुरात उद्यमनगरात असेल तसा, आणि समोर उभं राहून आकडे लिहून घ्या.

ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच टेबलावर ठेवा आणि सकाळी मोजा. उन्हातून आलेला, वीस अंशांनी गरम असलेला पिस्टन ०.०२ मिमीने मोठा दाखवतो. हातात धरून धरून गरम झालेलाही तशीच फसवणूक करतो.

बोअरची सहा मापं घ्या : वरून १० मिमीवर, एक्झॉस्ट पोर्टच्या जरा वर आणि सर्वांत खाली, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. आडव्या दोन मापांतला फरक ०.०१ पेक्षा जास्त असेल तर बोअर अंडाकृती आहे. वर-खाली ०.०५ पेक्षा जास्त असेल तर निमुळता. डब्यातून काढलेल्या नव्या ब्लॉकमध्येही हे दोष निघतात, तेव्हा 'नवाच आहे की' म्हणून हे काम सोडू नका.

पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, गजनपिनच्या आडव्या दिशेत मोजायचा. डोक्याजवळ मोजू नका, तिथे तो मुद्दाम लहान केलेला असतो. पिस्टनवर ५०.०० ठोकलेलं असलं तरी प्रत्यक्षात ४९.९५ निघू शकतो किंवा ४९.९८. ठोकलेला आकडा वाचून बोअर करणं हेच चार कोपऱ्यांच्या पकडीचं मूळ.

बोअर उणे पिस्टन म्हणजे क्लिअरन्स. मूळ दर्जाच्या पिस्टनला मॅन्युअलमधला आकडाच द्यायचा. अनोळखी कंपनीच्या पिस्टनला मात्र ०.०५ ते ०.०६ मिमी द्यावा, त्याहून कमी नको. याचं कारण धातूत आहे. चांगल्या पिस्टनच्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळे तो कमी फुगतो. शंभर अंश तापल्यावर ५० मिमीचा असा पिस्टन साधारण ०.०९५ मिमी वाढतो. कमी सिलिकॉनचा स्वस्त पिस्टन तेवढ्याच तापमानाला ०.११५ पर्यंत जातो. म्हणजे ०.०२ मिमीचा फरक, अन् तुम्ही दिलेली जागाच ०.०४. अर्धी जागा तिथेच संपली. थंड असताना किंचित टकटक ऐकू येईल, ती चालेल. पकडलेला पिस्टन चालणार नाही. क्लिअरन्स ०.१० च्या पुढे गेला असेल तर पुढच्या साइजचा पिस्टन घेऊन रिबोअर.

सैल स्लीव्ह : न दिसणारं कारण

अनेक किट वाया जातात ती इथे. स्लीव्ह ब्लॉकमध्ये घट्ट बसलेला नसेल तर दोघांच्या मध्ये हवेचा पातळ थर राहतो. उष्णता फिन्सपर्यंत पोचत नाही. फिन्सना हात लावाल तर नेहमीइतक्याच गरम लागतील, आत पिस्टन मात्र भाजत असतो.

हिशोब साधा आहे. अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. स्लीव्हचा बाहेरचा व्यास ५६ मिमी धरला तर शंभर अंश तापल्यावर ब्लॉकचं भोक स्लीव्हपेक्षा ०.०६ मिमीने जास्त मोठं होतं. म्हणजे थंड असताना स्लीव्ह भोकापेक्षा ०.०६ ते ०.०८ मिमीने मोठा हवा. नकलेत अनेकदा तो ०.०२-०.०३ नेच मोठा असतो. थंड असताना घट्ट, चालत्या इंजिनात सैल.

ओळखायचं कसं? पोर्टमध्ये स्लीव्ह आणि अॅल्युमिनियमच्या सांध्यावर काळी तेलकट रेघ दिसली तर शंका घ्या. वरच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून स्लीव्हची कड पॅकिंगच्या पातळीपेक्षा खाली गेली आहे का बघा. पक्की परीक्षा म्हणजे ब्लॉक ओव्हनमध्ये १२० अंशांवर अर्धा तास ठेवायचा आणि जाड हातमोजे घालून लाकडी दांड्याने स्लीव्ह खालून वर ढकलून बघायचा. जराही हलला तर तो ब्लॉक परत करा किंवा नवा स्लीव्ह टाका.

पोर्टचा कागद

ही युक्ती फुकटची आहे आणि तिच्याइतकं काही सांगत नाही. १५७ मिमी रुंद कागदाची पट्टी कापा, ५० मिमी बोअरचा घेर तेवढाच. ती गुंडाळून ब्लॉकमध्ये घाला, वरची कड ब्लॉकच्या तोंडाशी जुळवा आणि आतून बोटाने दाबत पेन्सिलची आडवी शिसं फिरवा. सगळ्या खिडक्यांच्या कडा कागदावर उमटतात. कागद बाहेर काढून सपाट पसरला की ब्लॉकचा नकाशाच समोर येतो. मूळ ब्लॉकचा असाच कागद करा आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा.

एक्झॉस्टची वरची कड एक मिमी वर सरकलेली असेल तर पोर्ट चार ते पाच अंश जास्त वेळ उघडा राहतो. गाडी वरच्या आरपीएमला पळेल, खालची ओढ जाईल आणि तेवढ्याच पेट्रोलवर जास्त तापेल. 'रेसिंग ब्लॉक' म्हणून विकले जाणारे कित्येक ब्लॉक म्हणजे साच्यात सरकलेला पोर्ट, एवढंच. डाव्या-उजव्या ट्रान्सफर खिडक्यांच्या (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणाऱ्या) वरच्या कडांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मिश्रण एका बाजूने आधी शिरतं आणि पिस्टन एका बाजूला जास्त तापतो. वर असलेली खिडकी कानशीने खाली आणता येत नाही, खालची मात्र वर नेता येते. तेव्हा मापं बघून ठरवा. फरक एक मिमीच्या पुढे असेल तर त्या ब्लॉकवर मेहनत घेण्यात अर्थ नाही.

एक्झॉस्ट खिडकीची रुंदी कागदावर ३५ मिमीच्या पुढे गेलेली नको. तेवढी रुंदी म्हणजे सरळ रेषेत बोअरच्या जवळजवळ ६५ टक्के. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. वरची कड सपाट, कमानीशिवाय असेल तर मर्यादा याहूनही कमी.

रिंगच्या पिनाही आत्ताच बघा. दुसऱ्याच मॉडेलचा पिस्टन डब्यात भरलेला असतो असं घडतं. पिस्टनच्या पिनांवर मार्करने ठिपके द्या, रिंगशिवाय पिस्टन ब्लॉकमध्ये बाण पुढे करून वर-खाली करा आणि पोर्टमधून बघा. ठिपका कुठल्याही खिडकीत दिसला तर तो पिस्टन त्या ब्लॉकचा नव्हे. इनटेककडच्या स्कर्टवरच्या खिडक्या ब्लॉकच्या इनटेकशी जुळतात का तेही बघा. पुढे इंजिनवर ब्लॉक चढवल्यावर आणखी एक तपासणी : पिस्टन पूर्ण वर असताना एक्झॉस्टमधून स्कर्टच्या खाली फट दिसता कामा नये. दिसली तर स्कर्ट आखूड आहे. क्रँककेसमधलं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये जातंय आणि आयडलिंग कधीच बसणार नाही.

बोअर, कडा, होन : याच क्रमाने

बोअरिंगवाल्याला पिस्टन हातात द्या आणि क्लिअरन्स लिहून द्या. ब्लॉक मशीनवर खालच्या तोंडावर टेकवून बोअर व्हायला हवा, कारण क्रँकशी काटकोन तिथूनच ठरतो. खालचं तोंड नकलेत वाकडं असतं. आधी ते काच आणि ४०० नंबर पेपरवर किंवा ग्राइंडरवर सपाट करून घ्या. बोअर करताना होनसाठी ०.०३ ते ०.०५ मिमी माया ठेवायला सांगा. नेमकं पिस्टनच्या मापाला बोअर करून वर 'थोडं होन मारतो' असं झालं की क्लिअरन्स अंदाजावर जातो.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. हे काम सर्वांत जास्त वेळा राहून जातं आणि रिंग तुटण्याचं पहिलं कारण तेच आहे. अर्धगोल बारीक कानशीने वरच्या-खालच्या कडा साधारण अर्धा मिमी, बाजूच्या कडा ०.३ मिमी उतरत्या करा. मग ४०० नंबर पेपर बोटावर गुंडाळून धार पूर्ण घालवा. बोट फिरवलं की कड कुठे सुरू होते ते कळता कामा नये. वरची कड कानसताना पोर्टची उंची वाढवू नका, फक्त धार काढायची आहे.

शेवटी होन. साध्या बिडाच्या रिंगला २२० ते २८० ग्रिटचे दगड. रेघा एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदणाऱ्या यायला हव्यात. मग ब्लॉक गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने, ब्रश घालून धुवा. पेट्रोलने धुतलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी रेघांमध्ये तशीच राहते. पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून आत फिरवा. फडकं राखाडी झालं तर परत धुवा. ते पांढरं निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवायला लागलं तरी धुवा.

जुन्या मूळ ब्लॉकला नवा स्लीव्ह

मूळ ब्लॉक ५१ च्या पुढे गेला असेल तरी तो मेलेला नाही. फिन्स तुटलेल्या नसतील आणि आटे शाबूत असतील तर चांगल्या बिडाचा स्लीव्ह टाकलेला मूळ ब्लॉक बाजारातल्या बहुतेक नव्या ब्लॉकपेक्षा सरस ठरतो, कारण त्याच्या वाटा बरोबर ओतलेल्या असतात. जुना स्लीव्ह ठोकून काढू नका. ब्लॉक २०० अंशांपर्यंत तापवला की तो जवळजवळ आपोआप सुटतो. नवा स्लीव्ह रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, खिडक्यांसाठी स्लीव्हवर आणि ब्लॉकवर सरळ रेघ मारून ठेवा. २०० अंशांवर ब्लॉकचं भोक सुमारे ०.२ मिमीने मोठं होतं, स्लीव्ह हाताने घसरत बसतो. हातात पाचेक सेकंद असतात, रेघेला रेघ तेवढ्यात जुळवायची. बसल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत वरून दाबून धरा, नाहीतर आकसताना त्याची कड वर उचलली जाते. बोअर नेहमी स्लीव्ह थंड झाल्यानंतरच.

बसवताना

स्लीव्हचा खालचा भाग क्रँककेसच्या तोंडात हाताने, सहज उतरला पाहिजे. रबरी हातोडीची गरज पडली तर तिथे स्लीव्ह चिमटला जातोय. स्टडची भोकं सरकलेली असतील तर नट आवळल्यावर तेच होतं. भोकं अर्धा मिमी मोठी करून घ्या, ब्लॉक जबरदस्तीने ओढू नका.

रिंग ब्लॉकमध्ये वरून २० मिमी खाली पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा : ०.१५ ते ०.३५ मिमी. कमी असेल तर एकच टोक बारीक कानशीने घासा. अक्षर असलेली बाजू वर. गजनपिनचे लॉक दर वेळी नवे, आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नको. ब्लॉक चढवल्यावर रिंगशिवाय एकदा हळूच क्रँक फिरवून पिस्टन दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवतो का बघा. एकीकडे टेकत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे, आणि मग जगातला कुठलाही ब्लॉक टिकणार नाही.

हेड कायमचं आवळण्यापूर्वी स्क्विश (पिस्टन पूर्ण वर असताना त्याच्या आणि हेडच्या कडेमधली फट) मोजा. दोन मिमी जाडीची सोल्डरची तार पिस्टनवर गजनपिनच्या रेषेत दोन्ही टोकांना थोड्या ग्रीसने चिकटवा, हेड बसवून नट आवळा आणि क्रँक एकदा पूर्ण फिरवा. चेपलेल्या टोकांची जाडी १.० ते १.२ मिमी यावी. ०.८ पेक्षा कमी असेल तर खालचं पॅकिंग जाड घ्या. दीडच्या पुढे असेल तर पातळ घ्या. नकलेत ब्लॉकची उंचीच कमी-जास्त असते, म्हणून डब्यातलं पॅकिंग डोळे झाकून वापरू नका. हेडचे नट आडव्यासमोर, तीन टप्प्यांत.

ब्लॉक निर्दोष असूनही पकडला तर

गळती शोधा. सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड रबरी बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून पंपाने ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटांत दाब जवळजवळ तसाच राहायला हवा. उतरला तर साबणाचं पाणी लावत जा. डावीकडे मॅग्नेटमागचं ऑइल सील, कार्बोरेटरजवळचं रबर आणि ब्लॉकखालचं पॅकिंग हे नेहमीचे गुन्हेगार. डावं सील गेलं की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन एक्झॉस्टकडून पकडतो. उजवं, क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल ओढून पांढरा धूर येतो.

दुसरं, पेट्रोल. ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ऑक्सिजन जास्त असल्यामुळे जुन्या जेटिंगवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. मेन जेट १०० चा असेल तर १०५ लावून प्लगचा रंग बघा. उघडा फिल्टर किंवा दुसरा सायलेन्सर लावला असेल तर त्याचं जेटिंग वेगळं.

तिसरं, ऑइल. गाडीचा स्वतःचा ऑइल पंप चालू असेल तर पाइपमधून हवा काढून, केबलवरची खूण जुळवून घ्या. पंप काढलेला असेल तर पेट्रोलच्या लिटरला २५ मिली ऑइल, म्हणजे १:४०. भीतीपोटी ५० मिली घालू नका. जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

पहिले पाचशे किलोमीटर

पंप असला तरी पहिल्या टाकीत लिटरला १० ते १५ मिली टू-टी ऑइल वरून घाला. पंप नसेल तर ३३ मिली. सुरुवातीला तीन वेळा दहा-दहा मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या. पहिल्यांदा गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा. मग अर्ध्या थ्रॉटलपर्यंतच, आणि एकाच वेगाने लांब जायचं नाही. थ्रॉटल उघडा, सोडा, परत उघडा. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिनवर गाडी धरू नका, ऑइल पेट्रोलबरोबरच येतं.

पाचशे झाल्यावर सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टमधून टॉर्चने पिस्टन बघा. स्कर्टवर बारीक, सारख्या रेघा आणि रिंगवर अखंड चकचकीत पट्टा दिसला तर ब्लॉक बसला. कुठे एकाच जागी पट्टा चमकत असेल तर ब्लॉक खाली घ्या, त्या जागी ४०० नंबर पेपरने पिस्टन हलकेच उतरवा आणि बोअर परत मोजा. या टप्प्यावर उघडलं तर फार तर दोन पॅकिंग जातात.